फायरप्लेसमधील बारीक भेगांसाठी तयार फर्नेस सिमेंट: वापरानंतरचे मत

मिसिसागा, ब्रॅम्प्टन, मिल्टन या टोरांटोजवळच्या शहरांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभ्या राहिलेल्या घरांपैकी बऱ्याच घरांच्या फॅमिली रूममध्ये बिल्डरनेच बसवून दिलेला गॅस फायरप्लेस आढळतो. आमच्याकडचाही त्यातलाच आहे. समोर पक्की काच, आत बंद धातूची पेटी, आणि एकात एक घातलेले दोन पाईप, ज्यांपैकी बाहेरच्यातून हवा आत येते व आतल्यातून धूर बाहेर जातो. पेटीच्या तीन बाजूंना विटांच्या भिंतीसारखी दिसणारी पॅनेले असतात. वर्षानुवर्षे तापून आणि निवून या पॅनेलांवर बारीक भेगा पडतात, कडेचा एखादा टवका उडतो, आणि पेटीच्या उघड्या पत्र्यावरील काळ्या रंगाचे पोपडे सुटू लागतात. अशा किरकोळ दुरुस्तीसाठी हार्डवेअरच्या दुकानात डब्यात तयार मिळणारे फर्नेस सिमेंट, म्हणजे आच सहन करणारा लेप, वापरले. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण सोडियम सिलिकेटवर आधारलेल्या या प्रकारच्या मालाचे गुणदोष सर्वसाधारणपणे सारखेच असतात.

सिमेंट विकत घेण्यापूर्वी आपले पॅनेल कशाचे आहे, हे पाहून घेणे आवश्यक आहे. पायलट (बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) विझवून, गॅसची तोटी बंद करून आणि पेटी पूर्ण थंड झाल्यावर काच उतरवावी व पॅनेलच्या कोपऱ्यात, सहज दिसणार नाही अशा जागी नखाने हलकेच दाबून पाहावे. खूण उमटली तर ते सिरॅमिक तंतूंचे हलके पॅनेल समजावे, आणि नख नुसते घसरले तर ते ओतीव, काँक्रीटच्या जातीचे. फर्नेस सिमेंट दुसऱ्या प्रकारासाठी योग्य आहे. तंतूंच्या मऊ पॅनेलवर ते वाळून कडक होते, पॅनेल मात्र मऊच राहते, आणि पुढे भेग त्या जोडाच्या शेजारूनच नव्याने जाते. शिवाय असे जुने पॅनेल खरवडले तर फुफ्फुसांना अपायकारक धूळ उडते. त्यामुळे तेथे पॅनेल बदलणे हाच मार्ग उरतो.

ओतीव पॅनेलवर मात्र या सिमेंटने समाधानकारक काम केले. भेगेतील सुटी भुकटी मऊ ब्रशने काढली, भेग ओल्या फडक्याने दमट केली आणि रंगारी भिंतीला लांबी भरतो त्याप्रमाणे पातळ पत्र्याने सिमेंट आत दाबले. दमट करण्याची पायरी अनेकजण गाळतात. कोरडे पॅनेल सिमेंटमधील पाणी झपाट्याने शोषून घेते आणि पकड येण्याआधीच थर सुटतो, म्हणून ती गाळू नये. डब्यावर एका वेळी साधारण सहा मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नये असे लिहिलेले असते व ते अक्षरशः पाळावे, कारण वाळताना हा माल आकसतो. पातळ थरातही कडेने केसाएवढी रेघ राहिली, ती दुसऱ्या थराने बुजली. उडालेला टवका याने भरता येतो, पण विटेची कड हुबेहूब घडवता येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

खरी परीक्षा आच देताना होते. किमान २४ तास हवेवर वाळू दिल्यानंतर प्रथम अगदी मंद ज्योत थोडा वेळ ठेवून बंद करावी, पेटी निवू द्यावी आणि मगच आच वाढवत न्यावी. वरून सुकलेल्या सिमेंटच्या पोटात पाणी शिल्लक असते. एकदम मोठी ज्योत लावली तर त्याची वाफ होते आणि थरावर फोड येतात. घाईच्या माणसासाठी हा माल नाही, एवढे स्पष्ट सांगावेसे वाटते.

दिसण्याच्या बाबतीत गुण कमीच द्यावे लागतील. विटकरी पॅनेलवर करड्या सिमेंटची रेघ चांगलीच उठून दिसते. काळा डबा मिळतो, पण तोही विटेच्या रंगाशी जुळत नाही. त्यावर, तसेच पत्र्यावरील पोपडे काढून, १२०० अंश फॅरनहाइट म्हणजे सुमारे ६५० अंश सेल्सियस सहन करणारा स्टोव्हचा रंग मारता येतो. हा रंग पहिल्यांदा तापताना चांगलाच वास येतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि नंतर काचेवर बसलेला धुरकट थर फायरप्लेसच्या काचेसाठीच्या खास द्रावणाने पुसावा. घरातील नेहमीचे अमोनियायुक्त द्रावण येथे चालत नाही. त्याचा डाग काचेवर भाजून पक्का होतो. ओले सिमेंटही काचेला लागू देऊ नये, कारण वाळल्यावर ते काचेला कायमचे चिकटते. माल अल्कधर्मी असल्याने हातमोजे घालावेत.

आता हे सिमेंट कुठे लावू नये, याविषयी. माझ्या मते डब्यावरील मजकूर याच ठिकाणी तोकडा पडतो. ज्योत जेथून निघते तो बर्नर, काचेभोवतीची गॅस्केट (काच हवाबंद ठेवणारी पट्टी) आणि ज्योतीजवळची शोभेची सिरॅमिकची लाकडे यांना ते कधीही लावू नये. लाकडे ठरलेल्या खुणांवरच बसवलेली असतात. ती सरकली आणि ज्योत त्यांवर आदळू लागली की काजळी धरते. मोडलेले लाकूड त्याच मॉडेलचे मागवावे. पेटीचा पत्रा गंजून आरपार गेला असेल किंवा शिवण उकलली असेल, तर दुरुस्ती किरकोळ राहिलेलीच नसते. ऑन्टॅरिओ प्रांतात गॅसचे काम टीएसएसए या तांत्रिक सुरक्षा संस्थेकडे नोंदणी असलेल्या कंत्राटदारानेच करायचे असते, हा नियम अशा वेळी उगाच वाटत नाही. डिसेंबर २००८ मध्ये याच प्रांतातील वुडस्टॉक शहरात गॅस फायरप्लेसचे धुराडे तुंबल्यामुळे कार्बन मोनॉक्साइडने एका घरातील आई-वडील आणि दोन मुले मृत्युमुखी पडली. त्या कुटुंबाच्या नावाने २०१३ साली हॉकिन्स-जिन्याक कायदा झाला आणि घरांत या वायूचे अलार्म बंधनकारक झाले. पॅनेलची भेग आणि धुराड्यातील अडथळा या वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरे. परंतु काच उतरवलीच आहे तर ती परत बसवताना गॅस्केट सर्व बाजूंनी सारखी दबली आहे ना, आणि बाहेरच्या भिंतीवरील झाकणात पक्ष्याचे घरटे किंवा बर्फ अडकलेला नाही ना, हे पाहायला दहा मिनिटे पुरतात.

नवे पॅनेल मागवायचे तर शेकडो डॉलर लागतात, आणि बिल्डरने बसवलेले जुने मॉडेल बंद झालेले असल्यास ते मिळेलच असे नाही. त्या मानाने पंधरा डॉलरच्या आसपासचा हा डबा केसाएवढ्या भेगांसाठी निश्चित घेण्याजोगा आहे. मात्र शक्य तेवढा लहान डबा घ्यावा. एकदा उघडलेला माल झाकण घट्ट लावूनही हळूहळू दगड होतो, आणि पाण्यावर आधारित असल्याने जानेवारीत गॅरेजमध्ये ठेवला तर गोठून निकामी होतो. उरलेला डबा तळघरात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावा.