बिग फोर की बी कॉर्प? ग्रीन कार्डच्या रांगेतल्या फायनान्सवाल्यांसाठी

अमेरिकेत फायनान्समध्ये असलेल्या आपल्या मुलामुलींपुढे हल्ली हा पेच येतो. एक ऑफर बिग फोर म्हणजे चार बड्या ऑडिट कंपन्यांपैकी एखाद्या फर्मची किंवा मोठ्या बँकेची. दुसरी एखाद्या मध्यम कंपनीची: मालकी कर्मचाऱ्यांची, बी कॉर्पचा (समाज-पर्यावरणाचं भान ठेवणाऱ्या कंपन्यांना मिळणारा) शिक्का, मुलाखतीत भेटलेली माणसंही जरा जास्तच बरी. पगार पहिलीकडे जास्त, मन दुसरीकडे. अमेरिकन मित्राला विचाराल तर तो म्हणेल, मनाला पटेल तिकडे जा. त्याचं बरोबरच आहे, पण त्याच्या मागे व्हिसा नाही.

मी दोन्हीकडे नोकरी केली आहे. आधी ऑडिट फर्म, आता कर्मचाऱ्यांच्या मालकीच्या एका कंपनीत कंट्रोलर, म्हणजे हिशोब खात्याची प्रमुख. म्हणजे मी तटस्थ नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

आधी कागद

भारतात जन्मलेल्यांसाठी ईबी-२ ची, म्हणजे नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या एका रांगेची, तारीख २०२५ मध्येही २०१३ च्या आसपासच घुटमळत होती. कारण ठाऊकच आहे: वर्षाच्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा. त्यामुळे कंपनीकडून पगाराच्याही आधी हवी असते ती प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, आणि ती जितकी लवकर मिळेल तितकी चांगली.

इथे मोठी फर्म सरळ पुढे आहे. तिच्याकडे इमिग्रेशनची टीम असते, वकील ठरलेले असतात, पर्म (ग्रीन कार्डाची पहिली पायरी: या कामाला अमेरिकेत माणूस मिळत नाही हे जाहिराती देऊन दाखवणं) कधी सुरू करायचा याचं धोरण असतं. शिवाय एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत (वर्षाला ६५,००० अधिक अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी २०,०००) नंबर नाही लागला, तर ती तुम्हाला टोरांटो किंवा लंडनच्या ऑफिसात पाठवू शकते आणि वर्षभराने एल-१ वर (कंपनीअंतर्गत बदलीच्या व्हिसावर) परत आणू शकते. एकाच राज्यात दोन गोदामं असलेली कंपनी तुम्हाला पाठवणार कुठे? त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये, अमेरिकेबाहेर असलेल्या उमेदवारासाठी नवा एच-१बी अर्ज करायचा तर १ लाख डॉलर शुल्क लागू झालं. छोट्या कंपनीच्या सीएफओला हा आकडा सांगून बघा.

दुसऱ्या प्रकारच्या, मूल्यांच्या कंपनीतली एचआरची बाई अगदी मनापासून म्हणते, 'आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.' ती खोटं बोलत नसते. तिने आयुष्यात पर्म फाइल केलेला नसतो, एवढंच. म्हणून विचारायचं ते असं: याआधी कोणासाठी पर्म केला आहे का? रुजू झाल्यावर किती महिन्यांनी सुरू करता? हे ऑफर लेटरमध्ये लिहून द्याल? पर्मच्या वकिलाचा आणि जाहिरातींचा खर्च कायद्याने कंपनीनेच करायचा असतो. 'अर्धा-अर्धा करू' म्हणणारी कंपनी कितीही झाडं लावत असो, तिला तिथेच नमस्कार करावा.

आणखी एक गैरसमज. ना-नफा संस्था म्हणजे लॉटरीतून सुटका, असं पुष्कळांना वाटतं. सूट आहे ती विद्यापीठांना, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्थांना आणि ना-नफा किंवा सरकारी संशोधन संस्थांना. पाणी वाचवणाऱ्या किंवा शाळा चालवणाऱ्या साध्या एनजीओला नाही.

मोठ्या फर्मच्या खात्यातही एक उधारी आहे: कपात. तुमच्याच कामाच्या, त्याच भागातल्या लोकांना काढलं असेल, तर पुढचे सहा महिने पर्म भरताना त्या लोकांना आधी कळवावं लागतं. व्यवहारात कंपन्या त्या काळात पर्म थांबवूनच ठेवतात. आणि काढलेल्यांत तुम्हीच असाल, तर नवी नोकरी शोधायला हातात जास्तीत जास्त ६० दिवस.

वाढ म्हणजे नेमकं काय

मोठ्या फर्मची शिडी भिंतीवर टांगल्यासारखी दिसते: असोसिएट, सीनियर, मॅनेजर, सीनियर मॅनेजर, पार्टनर. कोणत्या वर्षी कुठे असायला हवं, हे कँटीनमधला पोरगाही सांगेल. जानेवारी ते मार्च घरच्यांना विसरायचं, बदल्यात एका विषयात खोल उतरायला मिळतं. भारतातून सीए होऊन आलेल्यांना सीपीएसाठीही (अमेरिकेतली सीएसारखी पात्रता) तिथे सोयीचं पडतं. परीक्षेला २०२४ पासून तीन ठरलेले पेपर आणि एक निवडीचा, पण लायसन्सला अनुभवही लागतो आणि तो बहुतेक राज्यांत लायसन्सधारक सीपीएने प्रमाणित करावा लागतो. छोट्या कंपनीत जाणार असाल तर सीएफओचं लायसन्स चालू आहे का, हे विचारून घ्या. विचित्र वाटतं, पण विचारा.

मूल्यांच्या कंपनीत शिडीला दोनच पायऱ्या. कंट्रोलर आणि सीएफओ. आणि सीएफओ बावन्न वर्षांचा, सायकलवरून ऑफिसला येणारा, अत्यंत सुखी माणूस असतो. तो कुठेही जाणार नसतो. चांगल्या कंपनीत माणसं टिकतात, आणि टिकतात म्हणूनच खुर्ची रिकामी होत नाही. हे मुलाखतीत कोणी सांगत नाही.

वाढ तिथे आडवी होते. मंथ-एंड क्लोज (महिन्याचा हिशोब बंद करणं) तुमचाच, बँकेशी कर्जाची बोलणी तुमचीच, विम्याचं नूतनीकरण, ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) बदलायचं काम, बी कॉर्पचे कागद, सगळं त्याच टेबलावर. बऱ्याच अशा कंपन्या हिशोब सगळ्यांपुढे उघडा ठेवतात. मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डच्या एसआरसी या इंजिनं नव्याने बांधणाऱ्या कंपनीने १९८३ मध्ये कारखाना विकत घेतल्यावर हीच पद्धत रुळवली. आमच्याकडे ही बैठक गोदामात होते. फोर्कलिफ्ट बाजूला लावतात, मी पडद्यावर नफा-तोटा पत्रक लावते. पॅकिंगवरचा एकजण विचारतो, 'महिन्यात माल कमी गेला, मग फ्रेट वाढलं कसं?' मग 'अॅक्रुअल' हा शब्द न वापरता अॅक्रुअल समजावायचं: माल मागच्या महिन्यात गेला, वाहतूकदाराचं बिल आता आलं, आणि आम्ही अंदाज कमी धरला होता. त्याचा प्रश्न फुकटचा नसतो, त्याचं रिटायरमेंटचं खातं या कंपनीच्या शेअर्सवर चालतं. ऑडिटमध्ये कोणत्याही पार्टनरने मला इतकं थेट धरलं नव्हतं. आपल्यातली हुशार माणसं मॅनेजरच्या पुढे अडतात ती हिशोबामुळे नव्हे, चारचौघांत बोलायच्या धास्तीमुळे. ती इथे मोडते.

पण व्हिसाची गाठ इथेही आहे. पर्म ठरावीक कामाच्या वर्णनावर भरला जातो. मधेच बढती मिळून काम मुळातून बदललं, तर पर्म नव्याने करावा लागू शकतो. आय-१४० (पर्मनंतर कंपनी तुमच्यासाठी भरते तो ग्रीन कार्डाचा अर्ज) मंजूर होऊन १८० दिवस उलटले की कंपनीने तो मागे घेतला तरी तेवढ्यावरून रद्द होत नाही, आणि प्रायॉरिटी डेट तुमच्यासोबत येते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: आय-१४० नसेल तर मोठी फर्म घ्या, मन कितीही मोडलं तरी. ते १८० दिवस पार झाले असतील तर दुसरी ऑफर गंभीरपणे बघा. पुढच्या कंपनीला पर्म परत करावाच लागतो, पण रांगेतली जागा जात नाही.

शिक्का बघायचा की मालकी

बी कॉर्पसाठी बरीच वर्षं २०० पैकी ८० गुण पुरत असत. साबणवाल्या डॉ. ब्रॉनर्सने २०२५ मध्ये तो शिक्का सोडून दिला, पण सर्वांत वरचा पगार सर्वांत खालच्या पगाराच्या पाचपटीत ठेवायचा नियम त्यांचा स्वतःचा आहे. तुम्हाला वर जायचंय, तेव्हा हा नियम आवडतोय का, हे स्वतःला विचारा. कपडे बनवणाऱ्या पॅटागोनियाची मालकी २०२२ मध्ये ट्रस्टकडे आणि ना-नफा संस्थेकडे गेली. व्हरमाँटची पीठ विकणारी किंग आर्थर बेकिंग २००४ पासून पूर्णपणे कर्मचाऱ्यांची आहे. मी शिक्क्याच्या आधी मालकीचे कागद बघते.

कर्मचारी-मालकी म्हणजे बहुतेकदा हातात शेअर नव्हेत, रिटायरमेंटचं खातं. ते पूर्ण तुमचं व्हायला योजनेप्रमाणे तीन ते सहा वर्षं लागू शकतात. आणि निवृत्तीआधी नोकरी सोडली, तर पैसे मिळायला सुरुवात व्हायलाच आणखी पाच-सहा वर्षं जाऊ शकतात. दोन-तीन वर्षांत परत जायचा विचार असेल तर ऑफरमधला हा आकडा शून्य धरा.

आणि हो, नाव. मंडळाच्या गणपतीत 'कुठे असतेस?' याचं उत्तर दिल्यावर काका-काकूंचे चेहरे कोरे राहतात. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते उद्या खराडीत किंवा हिंजवडीत नोकरी शोधताना. तिथल्या रिक्रूटरला बिग फोर कळतं, व्हरमाँटचं पीठ कळत नाही. छोट्या कंपनीला पगार वाढवणं जड जातं, पदनाम द्यायला मात्र फारसं काही लागत नाही, म्हणून ते घासून घ्या. आणि कंपनी तुमचा पर्म करणार असेल तर सही करण्याआधी ते पदनाम इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा.