नोकिया ३३१० चा कंपोझर, एका पेटीवाल्याच्या नजरेतून

नोकिया ३३१० म्हटलं की लोक दोनच गोष्टी सांगतात: आपटला तरी फुटत नाही, आणि स्नेक. २००० साली आलेल्या या फोनच्या ‘टोन्स’ मेनूत ‘कंपोझर’ नावाचा, बटणं दाबून स्वतःची रिंगटोन लिहायचा एक कोपरा आहे, तिकडे फारसं कुणी ढुंकून पाहिलं नाही. मिरजेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानातून बाराशे रुपये देऊन मी हा जुना फोन घेतला तो निव्वळ त्या कोपऱ्यासाठी. भजनाला आणि तबला सोलोला पेटीची साथ करतो, तेव्हा हे एका पेटीवाल्याचं मत समजूनच वाचा.

१ ते ७ या बटणांवर सी, डी, ई, एफ, जी, ए, बी बसवलेत. सा पांढरी एक, म्हणजे पेटीतला सी, धरला की झालं: १ सा, २ रे, ३ ग, ४ म, ५ प, ६ ध, ७ नी. ज्याने सरगमचे अलंकार घोटलेत त्याला पुस्तिका उघडायची गरज नाही. कोमल-तीव्रासाठी हॅश आहे, पण हॅश सूर फक्त चढवतो, उतरवत नाही. त्यामुळे कोमल ग हवा तर ३ विसरा, २ दाबून हॅश मारा. कोमल ध म्हणजे ५ आणि हॅश. अख्खी भैरवी बसवली तरी ३ आणि ७ ला बोटसुद्धा लागत नाही! सुरुवातीला हात सारखा ३ कडेच जातो, मग सवय होते.

८ ने सूर निम्मा होतो, ९ ने दुप्पट, ० म्हणजे विश्राम. बटण जरा दाबून धरलं तर सूर दीडपट लांबतो. सप्तकं तीनच, आणि ती स्टारने फिरतात, पहिल्यावरून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, पुन्हा पहिल्यावर. इथे एक गंमत आहे. भूप रागाची साधी पकड, म्हणजे ओळखीची सुरावट, घ्या: ग रे सा, मंद्र (खालच्या सप्तकातला) ध, सा रे ग. मंद्रात उतरायला खाली जागा हवी, म्हणून मध्य सा दुसऱ्या सप्तकात धरावा लागतो. आता ३, २, १ दाबून झालं की ६ आणि लगेच दोनदा स्टार, कारण मागे जायला रस्ताच नाही, तिसऱ्याला वळसा घालूनच पहिल्यात यायचं. पुढच्या १ ला एकच स्टार, की परत मध्यात. हे एकदा बोटात बसलं की भूप दोन मिनिटांत उतरतो.

एका धुनेत पन्नास सूर मावतात. लोक इथेच नाक मुरडतात, पण मला हे माप चोख वाटतं. रिंगटोन कोण उचलेपर्यंत वाजतच राहते, म्हणजे तो मुळात लेहराच झाला, तबला सोलोमागे पेटीवर फिरत राहणारी धून. सोळा मात्रांच्या त्रितालाची मात्रेला एक सूर अशी तीन आवर्तनं म्हणजे अठ्ठेचाळीस, वर दोन शिल्लक. शेवटची मात्रा पुन्हा पहिल्या सुरावर अलगद पडली पाहिजे, नाहीतर दर फेरीला ठेच लागते. मी चंद्रकंसाचा लेहरा बसवलाय. फोन वाजला की माझा तबलजी दोस्त उचलायच्या आधी मांडीवर ठेका धरतो, आणि कॉल कट होतो.

उणीव आहे ती वजनाची. सगळे सूर एकाच जोराने वाजतात, त्यामुळे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दाखवता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे समेचा सूर ९ ने लांबवून पुढच्या मात्रेचा सूर गाळायचा, आणि आधीचा ८ ने तोडून त्यामागे तेवढाच विश्राम ठेवायचा. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तर सोडूनच द्या. पण पेटीवाल्याने मींडेची तक्रार करायची कोणत्या तोंडाने? याच कारणावरून १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं होतं, ते १९७१ पर्यंत किलकिलंसुद्धा झालं नाही.

नेटवर आरटीटीटीएल नावाने तयार धुनांच्या ओळी मिळतात. त्या फोनमध्ये आपोआप जात नाहीत, हाताने उतरवून घ्याव्या लागतात. ओळीच्या सुरुवातीला तीन गोष्टी असतात: डी म्हणजे सुराची नेहमीची लांबी, ओ म्हणजे सप्तक, बी म्हणजे लय. लांबी न लिहिलेला सूर डीचा समजायचा. तिथलं पाचवं सप्तक म्हणजे आपलं पहिलं, सहावं म्हणजे दुसरं. हॅश तिथे अक्षरानंतर लिहितात, फोनच्या पडद्यावर अक्षराआधी दिसतो. पी दिसला की ०. लय कंपोझरच्याच ऑप्शन्समध्ये टेम्पो नावाने आहे, ती आधी लावून घ्या, नाहीतर विलंबित ऐकत बसाल. कॉम्प्युटरवर बटणांचा क्रम काढून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. प्ले करून कानाने तपासा.

आवाज एकसुरी बझरचा, कर्कश म्हणावा इतका. तार सप्तक बाजाराच्या गलक्यातही ऐकू येतं, मंद्र मात्र पातळ लागतं. मारव्यासारखा राग यात वाजवू नये, रागाचाही अपमान आणि शेजाऱ्यांचाही. भूप, दुर्गा, हंसध्वनी छान उठतात.

ज्याला नेटवरचं गाणं जसंच्या तसं हवंय त्याने हा फोन घेऊ नये. सरगम येणाऱ्याने मात्र जरूर घ्यावा, क्लासच्या पोरांना तर हमखास द्यावा, कारण इथे सूर लिहिल्याशिवाय वाजत नाही. घेताना दोन गोष्टी बघा. जिओचं कार्ड चालणार नाही, फोन टू-जीवरच चालतो, आणि नॅनो सिम असेल तर अडॅप्टर लागतो. दुसरं म्हणजे बहुतेक ठिकाणी बॉडी आणि कीपॅड बाहेरून आणून बसवलेले असतात. माझ्या फोनचं स्टार एकदा दाबलं की दोनदा लागतं, मंद्र ध हवा असताना भलत्याच सप्तकात जाऊन बसतो. पैसे देण्याआधी कंपोझर उघडा आणि दुकानातच स्टार, हॅश, ८ आणि ९ दहा-दहा वेळा दाबून बघा.