राउटरनं ओळखलेला बोर्ड

सांगलीत गावभागात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि वर्षातून एकदा दोन दिवाळी अंक. २००२ पासून हेच करतेय. कॉम्प्युटर उघडायला मी घाबरत नाही. रॅम खोडरबरानं पुसून परत बसवणं, पंख्यातली धूळ काढणं रोजचंच. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून ‘बाईंना त्यातलं कळत नसेल’ असं कुणाला वाटायला नको. पुण्याच्या त्या काउंटरवर तसंच वाटलं होतं.

२०२१ च्या जुलैत कृष्णेचं पाणी दुकानात शिरलं. आधी गिऱ्हाइकांचे कागद आणि झेरॉक्स मशीन माडीवर नेलं, कॉम्प्युटरची पाळी येईपर्यंत उशीर झाला. तो गेला. ऑक्टोबरमध्ये, दिवाळी तोंडावर असताना, ओळखीच्या दुकानातून नवा जुळवून घेतला. बोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड, बी-५६० चिपसेटचा, ९,४०० रुपये, तीन वर्षांची वॉरंटी. दुकानदार म्हणाला, “ताई, काय टेन्शन घेऊ नका. तीन वर्षं कंपनी बघतीय की.” बिल पक्कं घेतलं, जीएसटीसकट. पण बिलावर बोर्डाचा सिरीयल नंबर लिहिलेला नव्हता, आणि मी तो लिहून मागितला नाही. ही माझी पहिली चूक. पुढं ‘हा बोर्ड तुम्हाला आम्हीच दिलाय कशावरून?’ हा प्रश्न आला तेव्हा ती कळली.

पहिला बोर्ड २०२२ च्या फेब्रुवारीत गेला. पंखा फिरतोय, पडदा काळा, बोर्डावरचा रॅमचा लाल दिवा पेटलेला. रॅम बदलून बघितली, एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, दुसरा लावला, काही नाही. दुकानदारानं बोर्ड पुण्याला पाठवला. पंधरा दिवस म्हणता बत्तीस दिवस लागले.

त्या महिन्यात मी दोष स्वतःकडेच शोधत होते. वायरमनला बोलावलं. न्यूट्रल आणि अर्थिंगमधला फरक दोन-तीन व्होल्टच्या आत हवा, आमच्याकडे मीटरवर १९ दिसले. मीठ-कोळसा घालून नवा खड्डा केला, यूपीएसची बॅटरी बदलली. म्हणजे पहिला बोर्ड माझ्याच विजेनं मारला असेल, हे मी आजही नाकारत नाही. आणि बोर्ड जाणं मला नवीनही नाही. २००३-०४ च्या सुमाराचे बोर्ड आठवतात ना? कपॅसिटरची, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या नळकांड्यांची, डोकी फुगायची, वर तपकिरी चिकट पाणी यायचं. तैवानमधल्या वाईट इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे कपॅसिटरमधल्या द्रवाचं, ते प्रकरण जगभर गाजलं होतं. आमच्या गल्लीतले रेडिओ दुरुस्त करणारे काका ते कपॅसिटर बदलून द्यायचे आणि बोर्ड पुढं दोन वर्षं चालायचा. वस्तू बिघडते, त्याला माझी ना नाही.

मार्चच्या शेवटी दुसरा बोर्ड आला. साध्या तपकिरी खोक्यात, बबल रॅपमध्ये गुंडाळलेला. मागची पत्र्याची पट्टी नाही, छापील कागद नाही. दुकानदार म्हणाला, रिप्लेसमेंट अशीच येते. नंतर वॉरंटीच्या अटी वाचल्या तर त्यात तसं लिहिलेलंच होतं: बदली माल नवा किंवा दुरुस्त केलेला असू शकतो, आणि त्याला वॉरंटी मूळ मुदतीतली उरलेलीच. खोक्याच्या आतल्या बाजूला, वाळूच्या कणाएवढ्या अक्षरात. ठीक आहे, लिहिलंय म्हणजे मान्य.

बोर्ड बसवताना भाच्याच्या हातून स्क्रू-ड्रायव्हर घसरला आणि कोपऱ्यातल्या भोकाजवळ एक तिरका ओरखडा उठला. मी त्याच्यावर ओरडले. पुढं त्याच ओरखड्याचे आभार मानायची वेळ आली. अजून एक काम तेव्हा केलं. आमचं झेरॉक्स मशीन स्कॅन केलेली पानं थेट कॉम्प्युटरच्या फोल्डरमध्ये टाकतं, त्यासाठी कॉम्प्युटरचा नेटवर्कमधला पत्ता कायम एकच लागतो. तो राउटरमध्ये बांधून ठेवावा लागतो आणि राउटर कॉम्प्युटरला ओळखतो तो बोर्डावरच्या लॅन चिपच्या (नेटवर्कच्या चिपच्या) मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे तिच्या ओळख क्रमांकावरून. बोर्ड बदलला की हा ॲड्रेसही बदलतो. म्हणून मी राउटरमध्ये जाऊन जुनी नोंद पुसली, नवी केली, नाव दिलं ‘मोठा’. शिवाय विंडोजनं बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या कुलपाची, ४८ आकडी किल्ली मागितली. ती मी वहीत लिहून ठेवली होती म्हणून निभावलं. तुमची कुठं आहे ते आज बघून ठेवा, बोर्ड गेल्यावर शोधू नका.

ऑगस्टमध्ये मागचे यूएसबी जायला लागले. तासभर काम झालं, बोर्ड तापला की कीबोर्ड-माउस मेले. बंद करून थंड केलं की परत जिवंत. मग आपोआप रिस्टार्ट. दिवाळी अंकाची पानं लागायला सुरुवात झालेली, एक कथा तीनदा लावली. या वेळी दुकानदारावर सोपवायचं नाही असं ठरवलं आणि सप्टेंबरमध्ये बोर्ड मांडीवर घेऊन सकाळच्या एसटीनं पुण्याला गेले.

सर्व्हिस सेंटर म्हणजे एका इमारतीच्या तळघरातली खोली, टोकन मशीन आणि काचेमागं दोन मुलं. कंपनीचं नाव बाहेर, चालवणारा कंत्राटदार वेगळाच. दोन तासांनी मला तिसरा बोर्ड मिळाला. मी म्हटलं, “इथं चालू करून दाखवा.”

“मॅडम, टेस्टिंगची सोय नाही इथं. आमच्याकडं प्रोसेसर नसतो.”

जॉबशीटवर आधीच छापलेलं: ‘वस्तू चालू स्थितीत व तपासून मिळाली.’ खाली सहीची रेघ. परतीची गाडी गाठायची होती. केली सही. ही दुसरी चूक, आणि जास्त महागातली.

घरी येऊन बसवला, तो उठलाच नाही. पंखा फिरून दोन सेकंदांत बंद. दोन दिवसांनी परत पुणे. काचेमागच्या मुलानं प्रोसेसरच्या सॉकेटवर भिंग धरलं आणि म्हणाला, “पिन बेंट आहे. फिजिकल डॅमेज. वॉरंटी रिजेक्ट.”

हे जरा समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त लोक इथं मारले जातात. इंटेलच्या या पिढीच्या प्रोसेसरला खाली सपाट ठिपके असतात आणि पिना असतात बोर्डावरच्या सॉकेटमध्ये, १२००, केसासारख्या. एक वाकली तरी बोर्ड उठत नाही, किंवा रॅमची एक बाजू दिसत नाही. समोरून बघितलं तर काही कळत नाही. मोबाइलचा दिवा तिरका धरून बघितलं की सगळ्या पिना एका रेषेत चमकतात आणि वाकडी तेवढी वेगळी चमकते. पिन कुणी वाकवली, त्यांच्या आधीच्या माणसानं, त्यांच्याच टेबलावर की मी, हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मी बोर्ड घेताना सॉकेट बघितलं नव्हतं. आणि चालू स्थितीत मिळाला अशी माझी सही त्यांच्याकडे होती.

मी भांडले. आतून साहेब आले. त्यांनी जॉबशीटवरचा पत्ता वाचला. “सांगली का? मग पुराचं पाणी गेलं असेल हो बोर्डात. आमच्याकडं तुमच्या भागातून असे खूप येतात.”

पूर २०२१ च्या जुलैत. पहिला बोर्ड घेतला ऑक्टोबरमध्ये. हा तिसरा तर त्यांनीच दोन दिवसांपूर्वी काचेखालून सरकवलेला. हे मी त्यांना तारखांसकट सांगितलं. साहेब म्हणाले, “मॅडम, आवाज वाढवू नका.”

शेवटी तोडगा निघाला तो असा: सॉकेट दुरुस्तीचे २,८०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ३,३०४ रुपये भरा, बदली बोर्ड लगेच न्या. वॉरंटीतल्या वस्तूसाठी बोर्डाच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसे. घरी अंकाची साठ पानं अडकलेली, संपादक दिवसातून चार फोन करणारे. भरले. माणूस अडलेला आहे हे ओळखण्यात ही मंडळी भलतीच तयार असतात.

चौथा बोर्ड घरी आणला, या वेळी सॉकेट बघून, फोटो काढून. बसवला, चालू झाला. कामाच्या घाईत एक जाहिरात स्कॅन करायला मशीनवर ठेवली, बटण दाबलं, आणि पान थेट फोल्डरमध्ये आलं. मी खूश. दोन मिनिटांनी हात थांबला. हे चाललं कसं? राउटरमध्ये नव्या बोर्डाची नोंद मी अजून केलीच नव्हती.

राउटर उघडला. यादीत नाव: ‘मोठा’. मार्चमध्ये बांधलेला तोच मॅक ॲड्रेस, बाराच्या बारा आकडे-अक्षरं तीच. कॅबिनेट परत उघडलं, कोपऱ्यात टॉर्च मारला. भोकाजवळ भाच्याचा तिरका ओरखडा.

ऑगस्टमध्ये बिघडलेला माझाच दुसरा बोर्ड मला चौथा म्हणून परत आला होता. सिरीयल नंबरचं स्टिकर तेवढं नवं, कडा अजून नीट चिकटल्यासुद्धा नव्हत्या. वर ३,३०४ रुपये. बाराव्या दिवशी तास-दीड तास काम झाल्यावर मागचे यूएसबी गेले. अगदी ओळखीचा आजार.

दुरुस्त केलेला बोर्ड देणं ही फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, अटीत ते लिहिलंय. दोष न शोधता नवं स्टिकर लावून तोच बोर्ड फिरवत ठेवायचा, गिऱ्हाईक दमेपर्यंत किंवा तीन वर्षं संपेपर्यंत, ही फसवणूक आहे. आणि दोष कबूल करून माल मागं घेता येतच नाही असंही नाही. ३१ जानेवारी २०११ ला इंटेलनं स्वतःच जाहीर केलं होतं की आपल्या ६-सिरीज चिपसेटमधले काही साटा पोर्ट, म्हणजे हार्ड डिस्क जोडायच्या जागा, काळानुसार कमजोर होऊ शकतात. माल थांबवला, सुमारे ७० कोटी डॉलरचा खर्च धरला आणि सुधारलेली चिप आणली. तेव्हा माझ्या एका गिऱ्हाइकाचा बोर्ड एकही प्रश्न न विचारता बदलून मिळाला होता.

मी १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला आणि तक्रार नोंदवली. सोबत बिल, जॉबशीटं, राउटरच्या पडद्याचे मार्चमधले आणि आत्ताचे फोटो. मार्चमधला फोटो होता तो निव्वळ नशिबानं, नोंद कशी करायची हे भावाला दाखवायला काढलेला. नवव्या दिवशी कंपनीचा फोन आला, थेट मुख्य ऑफिसातून, आवाजात साखर. पाठोपाठ सीलबंद नवा बोर्ड, दुसऱ्या मॉडेलचा. अट एकच: ‘तक्रारीचे पूर्ण व अंतिम निवारण झाले’ असं लिहून द्यायचं. ३,३०४ रुपयांचा विषय काढला तर म्हणाले, ती सेवा होती, तिचे पैसे परत होत नाहीत.

मी लिहून दिलं. तिथं मी कमी पडले. जिल्हा ग्राहक आयोगात जाता आलं असतं. २०१९ च्या कायद्यानुसार वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, वकील केलाच पाहिजे असं नाही, ऑनलाइन दाखल करता येते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पण ते सही केलेलं पत्र त्यांच्या फायलीत असताना माझा पाय तिकडं वळला नाही. तुमच्यावर ही पाळी आली तर पैशांचा हिशेब मिटल्याशिवाय ‘अंतिम’ हा शब्द असलेल्या कागदावर सही करू नका. छापील ‘चालू स्थितीत मिळाली’ खोडून त्या जागी ‘न तपासता घेतली’ असं पेननं लिहा आणि मग सही करा. मुलगा कुरकुरतो, पण घेतो. या वर्षी एका मैत्रिणीसोबत गेले होते तेव्हा करून बघितलंय. बोर्ड देताना सॉकेटवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण लावलेलं हवं, ते सगळे पहिल्याच दिवशी फेकतात. झाकण काढून पिनांचा आणि मग सिरीयल नंबरचा फोटो त्यांच्या काउंटरवरच काढा, मागं त्यांची पाटी दिसेल असा. मॅक ॲड्रेस वहीत लिहून ठेवा. स्टिकर बदलता येतं. मॅक ॲड्रेस बदलायचे कष्ट कुणी घेत नाही, निदान माझ्या बाबतीत तरी घेतले नव्हते.

नवा बोर्ड आला तेव्हा जुना परत पाठवायचा होता. पाठवला. त्याआधी खालच्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात, लाल नेलपॉलिशचे तीन ठिपके दिले. तुम्हाला तपकिरी खोक्यातून रिप्लेसमेंट आली आणि ते ठिपके दिसले, तर तो बोर्ड माझ्याकडे दोनदा राहून गेलाय. तासाभरानं मागचे यूएसबी जातील.