शाळेपुढचे गाडे: हटवायचे की बसवायचे?

सोलापुरात शाळा सुटली की फाटकाशी भेळ, पेरू, बर्फाचे गोळे हजर. सरसकट हटवणं सोपं. पण पथक वळलं की गाडा पुढच्या बोळात. शिवाय तिखट-मीठ लावलेला पेरू आणि भडक रंगाचं सरबत एकाच मापात! २०२० च्या केंद्रीय अन्नसुरक्षा नियमांतली शाळेच्या आवारापासून ५० मीटरपर्यंतची बंदी जास्त चरबी-मीठ-साखरेच्या पदार्थांवर आहे, प्रत्येक गाड्यावर नाही.

दुसरा मार्ग नोंदणी आणि ठरलेल्या जागेचा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार, विक्रीच्या जागांबाबत सल्ला देणाऱ्या शहराच्या समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेतेच. मला हाच पटतो. अडचण पाण्याची: नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे एकाच बादलीत दुपारभर प्लेटा विसळतात. महापालिकेने तिथे नळ द्यावा, मगच दंडाची पावती फाडावी.