खांद्यावरचे तारे आणि पगारपत्रक: लष्करी परिचर्या सेवेचे परीक्षण

लष्करी परिचर्या सेवेकडे, म्हणजे एमएनएसकडे, निव्वळ नोकरी म्हणून पाहायचे ठरवले, तर पहिला आकडा निश्चितच समाधान देणारा आहे. सातव्या वेतन आयोगानुसार या सेवेत लेफ्टनंट म्हणून रुजू होणाऱ्या परिचारिकेचे मूळ वेतन दरमहा 56,100 रुपये असते आणि महागाई भत्ता व लष्करी सेवा वेतन, म्हणजे एमएसपी, हे त्याखेरीज मिळते. केंद्र सरकारच्या नागरी रुग्णालयात नर्सिंग ऑफिसरची सुरुवात 44,900 रुपयांवर होते. तिला परिचर्या भत्ता मिळतो हे लक्षात घेऊनही लष्कराचे पारडे जड राहते. खासगी रुग्णालयांशी तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. तिथल्या परिचारिकांना, रुग्णालय कितीही लहान असले तरी, किमान 20,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस 2016 मध्ये केंद्राने नेमलेल्या समितीला करावी लागली होती.

शिक्षणाचा खर्चही हिशेबात धरायला हवा. पुण्याचे लष्करी वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी), मुंबईचे नौदल रुग्णालय आयएनएचएस अश्विनी आणि दिल्ली, कोलकाता, लखनौ व बंगळुरू येथील लष्करी रुग्णालये अशा सहा ठिकाणी बी.एस्सी. नर्सिंगचे चार वर्षांचे शिक्षण, राहणे आणि जेवण मोफत असते, शिवाय विद्यावेतन मिळते. त्याच्या बदल्यात सेवेचे बंधपत्र लिहून द्यावे लागते आणि ते पालकांनी सही करण्यापूर्वी शांतपणे वाचावे. ही दारे केवळ मुलींसाठी उघडी आहेत.

पगारपत्रकातली एमएसपीची ओळ मात्र मला खटकली. लष्करी जीवनातल्या ज्या कष्टांचे मोल कोणत्याही भत्त्यात बसवता येत नाही, त्यांची भरपाई म्हणून हे वेतन दिले जाते. सैन्यातल्या इतर अधिकाऱ्यांना ब्रिगेडियर पदापर्यंत ते दरमहा 15,500 रुपये मिळते. परिचर्या सेवेतील अधिकाऱ्यांना 10,800. सहाव्या आयोगात हेच आकडे 6,000 आणि 4,200 होते, म्हणजे रकमा वाढल्या तरी प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपासच राहिले. 4,700 रुपयांची ही तफावत वर्षाला 56,400 रुपयांची होते, आणि नव्या लेफ्टनंटच्या एका महिन्याच्या मूळ वेतनापेक्षा ती थोडी अधिकच भरते. शिवाय एमएसपी महागाई भत्त्यासाठी आणि निवृत्तिवेतनासाठी धरली जात असल्याने (घरभाडे भत्त्यासाठी नाही) हा फरक निवृत्तीनंतरही सोबत राहतो. लेहच्या 153 जनरल हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेला तिथली थंडी सत्तर टक्केच लागते, असे आयोगाला वाटले असावे.

या दुजाभावाला कायद्याचा आधार आहे, हे नमूद करणे भाग आहे. 1888 मध्ये मुंबईत उतरलेल्या दहा ब्रिटिश परिचारिकांपासून सुरू झालेली ही सेवा आजही 1943 च्या स्वतंत्र अध्यादेशाखाली चालते, आणि त्यामुळे सैन्याचा भाग असूनही तिचा वर्ग वेगळा मानला जातो. पदे मात्र तीच आहेत: लेफ्टनंटपासून मेजर जनरलपर्यंत. भारतीय सैन्यदलांत मेजर जनरल झालेली पहिली स्त्री, गर्ट्रूड अॅलिस राम, ही 1976 मध्ये याच सेवेतून त्या पदावर पोहोचली, हे फार थोड्यांच्या लक्षात असते.

लग्न केले म्हणून नोकरी जाण्याचा नियमही या सेवेत होता. तो 1995 मध्ये मागे घेण्यात आला. मात्र त्याच नियमाने 1988 मध्ये घरी बसवलेल्या एका अधिकारी परिचारिकेला 60 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला 2024 मध्ये द्यावा लागला. आज जाणाऱ्या मुलीला याचा त्रास नाही, तरी ज्या आस्थापनेत आयुष्याची उमेदीची वर्षे घालवायची तिचा इतिहास ठाऊक असलेला बरा.

सुविधांविषयी तक्रारीला फारशी जागा नाही. सवलतीच्या दरात माल मिळणारे लष्कराचे सीएसडी कँटीन आणि लष्करी रुग्णालयातील उपचार या गोष्टी घरखर्च लक्षणीय कमी करतात, आणि निवृत्तिवेतनधारकांसाठी 2003 पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. नागरी कर्मचाऱ्यांना लागू झालेली एनपीएस, म्हणजे वर्गणीवर आधारलेली निवृत्तिवेतन योजना, सैन्यदलांना लागू नसल्याने निवृत्तिवेतन जुन्या पद्धतीचेच मिळते. समान पद समान निवृत्तिवेतन योजनेतही परिचर्या सेवेचा समावेश आहे.

पण निवृत्तिवेतनाचे हे सुख स्थायी कमिशनचे, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतच्या अधिकारपदाच्या नेमणुकीचे आहे. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी सर्वसाधारणपणे वीस वर्षांची सेवा लागते, तर अल्पमुदतीचे कमिशन आधी पाच वर्षांचे आणि मुदतवाढ मिळाल्यास फार तर चौदा वर्षांचे असते. पहिल्या महिन्याचे वेतन दोन्ही प्रकारच्या कमिशनमध्ये सारखेच दिसते, म्हणून निवडपत्र हाती आल्यावर आकड्याच्या आधी कमिशनचा प्रकार पाहावा.