बंड्या शहाणा झाला असं आम्हाला वाटलं

आमच्या धुण्याच्या मशीनचं काम संपलं की ते तीनदा टीं-टीं-टीं वाजतं. बंड्या क्लबातून 'शिकून' घरी आला त्या संध्याकाळी ते वाजलं आणि तो जिथे होता तिथेच जमिनीला चिकटला. कान मागे, शेपूट पोटाखाली, अंग थरथरतंय. त्याच दिवशी दुपारी मी शेजाऱ्यांना घरात बोलावून त्याला 'बस', 'थांब' करून दाखवलं होतं. काय तोरा होता माझा!

हे लिहायला सहा महिने लावले, कारण यात क्लबवाल्यांची लबाडी आहे तशी माझी हावही आहे. मला झटपट शहाणा कुत्रा हवा होता.

बंड्या तेव्हा आठ महिन्यांचा होता. वाईट नव्हता, नुसता वांड. पाहुणा आला की अंगावर उडी, आणि फिरायला नेलं की मी मागे फरफटत. जवळच कुत्रेवाल्यांचा एक क्लब आहे, तिथे मैदानात आज्ञापालनाचे वर्ग भरतात. पहिला वर्ग फुकट. तो वर्ग खरंच छान होता, हे सांगायलाच हवं, कारण सापळ्यातला खाऊ तोच होता. एक तरुण मुलगी शिकवत होती. कुत्र्याने बूड टेकलं रे टेकलं की हातातल्या डबीचा 'टिक' आवाज आणि लगेच खाऊ. एक माणूस उशीर करत होता, तर ती म्हणाली, "काका, आता तो उठून उभा राहिलाय. तुम्ही उभं राहण्याचं बक्षीस देताय." मला पटलं. आम्ही घरी येऊन सगळ्या कोर्सची फी एकरकमी भरली.

ती मुलगी पुन्हा दिसलीच नाही. दुसऱ्या आठवड्यापासून 'हेड सर' आले. त्यांच्या मते बंड्या 'डॉमिनंट' होता, म्हणजे घरात आपणच 'अल्फा', कळपाचे म्होरके, आहोत असं त्याला वाटत होतं. माणसांनी आधी जेवायचं, दारातून आधी माणसांनी जायचं, वगैरे. मग ते म्हणाले की हा कुत्रा साध्या बॅचमध्ये सुधारणार नाही, चार आठवडे क्लबातच ठेवा. आणि त्या काळात भेटायला यायचं नाही. "मालक समोर दिसला की कुत्रा लाडावतो, मॅडम." भिंतीवर परदेशी नावाच्या संस्थेचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. पुढे शोधलं तेव्हा कळलं, पैसे भरून घरबसल्या फॉर्म भरला की ते कोणालाही मिळतं. बहुतेक ठिकाणी कुत्र्यांचा ट्रेनर व्हायला ना परवाना लागतो, ना परीक्षा. पाटी लावली की झालं.

अल्फाचं प्रकरणही मी नंतरच वाचलं. त्याचं मूळ 1947 साली रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने लिहिलेल्या, बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणात आहे. एकमेकांशी नातं नसलेले लांडगे एका कुंपणात कोंडले तर मारामाऱ्या होणारच. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ती कल्पना घरोघरी नेली, आणि त्याच मेक यांनी 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं. सर मात्र अजून कुंपणातच होते.

चार आठवडे आम्हाला व्हिडिओ येत राहिले. बंड्या बसतोय, आडवा होतोय, समोरून दुसरा कुत्रा गेला तरी ढिम्म. गळ्यात क्लबच्या रंगाचा रुमाल बांधलेला, मागे जोरदार गाणं. मी ते नातेवाइकांना पाठवत होते. मशीनच्या प्रकारानंतर रात्री सगळे व्हिडिओ पुन्हा लावले. एकाच व्हिडिओत गाणं टाकायचं राहिलं होतं. त्यात सरांचा एक हात कमरेच्या पाऊचमध्ये आहे, बारीकसा 'टीं' ऐकू येतो आणि बंड्या धपकन बसतो. मग जिभेने नाक चाटतो आणि मोठी जांभई देतो. मी तेव्हा त्या जांभईवर हसले होते. खाऊ त्याला एकदाही मिळालेला नाही.

नवऱ्याने मानेवरचे केस बाजूला केले तर घशाजवळ दोन लाल गोल जखमा होत्या, जवळजवळ, केस झडलेल्या. मी ओरडले, भाजलंय याला! डॉक्टर म्हणाले, भाजलेलं नाही. शॉक कॉलरला, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या गळपट्ट्याला, आतल्या बाजूने धातूचे दोन खुंट असतात, पट्टा तासन्‌तास आवळून ठेवला की तिथली कातडी दाबाने सडते. म्हणजे वर्गापुरता नाही, दिवसभर घातलेला होता. रुमाल कशासाठी होता ते तेव्हा कळलं. अशा बऱ्याच पट्ट्यांत झटक्याआधी इशाऱ्याचा आवाज देण्याची सोय असते. चार दिवसांत कुत्र्याला तो आवाज पुरतो. आमच्या मशीनचा आवाज नेमका तसाच.

शॉक कॉलर चांगला की वाईट हा वाद मी इथे उकरत नाही, माझं मत उघड आहे. वेल्समध्ये त्यावर 2010 पासून बंदी आहे. पोर्तुगालमध्ये 92 पाळीव कुत्र्यांवर झालेला एक अभ्यास 2020 साली छापून आला. शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतले कुत्रे जास्त जांभया देत होते, जास्त ओठ चाटत होते, आणि वर्गानंतर त्यांच्या लाळेत ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं होतं. पण आमची फसवणूक त्याच्याही आधीची आहे. दाखवलं खाऊचं शिक्षण, विकलं झटक्याचं, आणि वर रुमाल बांधला.

भांडायला गेलो तेव्हा सर शांत होते. आम्ही सही केलेला कागद त्यांनी पुढे केला. त्यात 'ट्रेनरला योग्य वाटतील ती साधने' असं एक वाक्य होतं. पावतीवर 'कोर्स फी' नव्हतंच, 'क्लब सदस्यत्व' होतं, आणि सदस्यत्व परत होत नाही. व्हिडिओ त्यांनी दुसऱ्या दिवशी चॅटमधून सगळ्यांसाठी डिलीट केले. आम्ही आदल्या रात्री उतरवून ठेवले होते म्हणून बचावलो. तक्रार दिली आहे, पैसे आलेले नाहीत. 'आयुष्यभराची गॅरंटी' कुठेच लिहिलेली नव्हती, ती फक्त तोंडी होती.

तुम्ही कुठे वर्ग लावणार असाल तर आधी एकदा कुत्रा न नेता नुसते जाऊन बसा, तेही फुकटच्या वर्गाला नाही, चालू बॅचला. बसू देत नसतील तर तिथूनच परत या. माझ्या कुत्र्याने बरोबर केलं तर त्याला काय मिळणार, चुकला तर त्याचं नेमकं काय होणार, आणि गळ्यात काय घालणार, हे विचारा आणि उत्तर लेखी मागा. "करेक्शन देतो", "एनर्जी वापरतो" हे उत्तर नव्हे. पैसे दर वर्गाला द्या. आणि मालकाला बाहेर ठेवणारा वर्ग तर अजिबात नको. कुत्रा मैदानावर शिकलेलं घरात आपोआप लागू करत नाही, घरी सराव घेणार तुम्हीच, तेव्हा खरं शिकायचं असतं ते तुम्हाला. हे मला त्या पहिल्या मुलीने फुकटच्या वर्गात सांगितलं होतं. मी विसरले, कारण चार आठवडे कुत्रा घरात नसणार याचा मला सुटकेचा आनंद झाला होता.

आता आम्ही मशीनचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केलाय. अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल इतका वाजवायचा आणि लगेच खाऊ. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. त्याने कान पाडले की आवाज आणखी कमी. पहिले तीन आठवडे तो खाऊकडे बघतसुद्धा नव्हता. पाहुण्यांच्या अंगावर मात्र पुन्हा उड्या मारायला लागलाय, आणि मी त्याला अजून एकदाही रागावलेले नाही. परवा मशीन बंद करायचं राहिलं आणि खरंच टीं-टीं-टीं वाजलं. बंड्या दचकला, अर्धवट खाली वाकला, मग उठून माझ्या खिशापाशी येऊन हुंगायला लागला.