'जे' भाषेतील मेमोआयझेशन : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गिरगावातील काकांच्या दुकानासाठी मी 'जे' या प्रोग्रामिंग भाषेत सुट्या पैशांचा हिशेब लिहिला आहे : दिलेल्या रकमेला कमीत कमी किती नाणी लागतील ते तो सांगतो. एकदा काढलेले उत्तर तो जपून ठेवतो आणि पुन्हा वापरतो; यालाच मेमोआयझेशन म्हणतात. गेल्या महिन्यात या हिशेबाने ४० रुपयांना ४ नाणी लागतील असे सांगितले, तेव्हा काकांनी गल्ल्यातून २० रुपयांची दोन नाणी काढून माझ्यासमोर ठेवली. यादीत २० चे नाणे मी त्याच सकाळी जोडले होते. तरीही उत्तर १, २, ५ आणि १० या जुन्या यादीचेच आले. त्याहून वाईट म्हणजे, त्या दिवशी प्रथमच विचारलेल्या ६० रुपयांचे उत्तर ५ आले. जुन्या यादीने ते ६ आणि नव्या यादीने ३ यायला हवे होते. ४० पर्यंतची जपलेली उत्तरे जुनी, पुढची नवी, आणि बेरीज दोन्हींची मिसळ होती.

दोष उत्तरे जपणाऱ्या 'एम-डॉट' या क्रियाविशेषणाचा, असे मी तेव्हा ठरवून टाकले. (आयव्हर्सन आणि हुई यांच्या या भाषेत फंक्शनला क्रियापदच म्हणतात आणि त्याचे वागणे बदलणाऱ्या शब्दाला क्रियाविशेषण.) वास्तविक त्याचे माझ्यावर उपकार आहेत : फिबोनाची मालिकेच्या (प्रत्येक पद म्हणजे आधीच्या दोन पदांची बेरीज) तिसाव्या पदासाठी साध्या रिकर्शनमध्ये, म्हणजे क्रियापद स्वतःलाच पुन्हा बोलावते तेव्हा, ते २६,९२,५३७ वेळा बोलावले जाते, तर उत्तरे जपल्यास केवळ ५९ वेळा. नवा लॅपटॉप घेण्याचा खर्च माझा त्यामुळेच टळला. मात्र 'एम-डॉट' क्रियापदाच्या व्याख्येतच जोडावे लागते. तयार क्रियापदाला नंतर वेगळ्या नावाने जोडल्यास आतील हाक मूळ नावालाच जाते आणि फक्त बाहेरचे उत्तर जपले जाते.

आता माझे मत बदलले आहे. नाण्यांची यादी मी क्रियापदाबाहेर ठेवली होती. जपलेल्या उत्तरांचा तक्ता फक्त रक्कम पाहतो, त्याला ती यादी दिसणे शक्यच नव्हते. चूक माझ्या मांडणीची होती. तक्रार एवढीच उरते की, हा तक्ता रिकामा करण्याची थेट आज्ञा मला कोठेही सापडली नाही. क्रियापदाची व्याख्या नव्याने केल्यावरच जुनी उत्तरे जातात, म्हणून यादी आणि व्याख्या मी एकाच फाइलमध्ये ठेवतो आणि नाणे बदलले की संपूर्ण फाइल पुन्हा लोड करतो. काकांच्या ४० रुपयांना आता २ नाणी लागतात आणि ६० रुपयांना ३.